विमानाच्या टाकींतील इंधन कसें मोजतात?

पिंपांत घासलेट किती उरलें आहे हें पाहावयाचें झाल्यास आपण एक कोरडी कांठी तळापर्यंत उभी सोडतों, वर काढतों आणि ती कोठपर्यंत ओली झाली तें पाहतों. घोलवडच्या चिकूच्या वाडींत पाणी खेंचणाऱ्या एंजिनाची टाकीही अशीच पाहतां येते. ही युक्ति इतकी साधी आहे कीं तींत कांहीं शास्त्र आहे असें कोणास वाटतही नाहीं. परंतु हाच प्रश्न दहा किलोमीटर उंचीवरून शेंदीडशें माणसें घेऊन जाणाऱ्या विमानांत उपस्थित झाला म्हणजे तो फार बिकट होतो. मोटारींतील पेट्रोल संपलें तर ती रस्त्याच्या कडेस उभी करतां येते. आकाशांत रस्त्याची कड नसते.

पहिली अडचण टाकीच्या आकाराची. मोठ्या विमानाचें इंधन बहुतेक पंखांच्या पोकळींत सांठविलेलें असतें. ही जागा उथळ व पसरट असते. समजा, टाकीच्या तळाचें क्षेत्रफळ दहा चौरस मीटर आहे. तर उंची मोजण्यांत केवळ एका सेंटिमीटरची चूक झाली तरी शंभर लिटरांचा फरक पडतो. शिवाय विमान वळतांना एका अंगास कलतें, चढतांना नाक वर करतें. त्या वेळीं इंधन ताटांतील पाण्याप्रमाणें एका कडेस जमतें. मग एकाच ठिकाणीं मोजून खरें उत्तर कसें मिळावें?

आरंभींच्या लहान विमानांत उपाय सोपा होता. टाकींत बुचासारखी तरंगणारी वस्तु ठेवीत व तिला तार जोडीत. इंधन उतरलें कीं बूच खालीं जाई व तारही खालीं सरके. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाची टाकी वरच्या पंखांत असे, व तिच्या डोक्यावरील तरंगता दर्शक वैमानिकास आपल्या जागेवरून दिसे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं पस मॉथ नांवाच्या एक एंजिनी विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें टपाल आणलें. अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठीं पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले होते! विद्यार्थ्यांनीं नकाशावर अहमदाबाद व जुहू यांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहावी. ती आपल्या घोलवडच्या अगदीं जवळून जाते. डब्यांनीं भरलेलें पेट्रोल डबे मोजूनच कळे. हिशेब चुकण्यास जागा थोडी होती.

आजच्या मोठ्या विमानांत विजेची मदत घेतात. टाकींत जागोजाग एकांत एक बसविलेल्या धातूच्या दोन नळ्या उभ्या असतात. दोहोंमधील पोकळींत विद्युद्भार सांठविण्याची जी शक्ति असते तिला धारकता म्हणतात. पोकळींत हवेऐवजीं इंधन आलें कीं ही धारकता सुमारें दुप्पट होते. म्हणजे नळ्या जितक्या बुडतील तितकी धारकता वाढते. सर्व नळ्यांचे आंकडे एकत्र करून यंत्र एकूण इंधन सांगतें. विमान कललें असलें तरी एका बाजूची घट दुसऱ्या बाजूच्या वाढीनें बव्हंशीं भरून निघते.

येथें दुसरी अडचण येते. विमानांत इंधन लिटरांनीं भरतात, परंतु वैमानिकास हवें असतें तें त्याचें वजन. कारण इंधनापासून मिळणारी उष्णता मुख्यतः त्याच्या वजनावर अवलंबून असते, आकारमानावर नव्हे. उन्हानें इंधन फुगतें; दर दहा अंशांस सुमारें एक टक्का. दुपारीं भरलेले शंभर लिटर पहाटेच्या शंभर लिटरांहून हलके भरतात. म्हणून दर लिटरास किती किलोग्रॅम, हा घनतेचा आंकडा हिशेबांत घ्यावाच लागतो.

हा आंकडा चुकला तर काय होतें, याचें उदाहरण २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत घडलें. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचें इंधनमापक यंत्र नादुरुस्त होतें, म्हणून पंखाखालील मोजपट्ट्यांनीं इंधन मोजलें. टाकींत ७,६८२ लिटर निघाले. हवें होतें २२,३०० किलोग्रॅम. एका लिटराचें वजन सुमारें ०.८ किलोग्रॅम असतें. परंतु हिशेबांत १.७७ हा आंकडा घेतला गेला. तो पौंडांचा होता! त्यामुळें सुमारें वीस हजार लिटर भरावयाचे ते ४,९१७ लिटरच भरले गेले. मोजमाप बरोबर, गुणाकारही बरोबर. चुकलें तें केवळ एकक. ४१,००० फूट उंचीवर असतां इंधन संपत आलें व दोन्ही एंजिनें एकामागून एक बंद पडलीं. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन यांस घिरट्या घेणारीं बिनएंजिनी विमानें चालविण्याचा सराव होता. त्यांनीं व सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनीं तें अवजड विमान घारीप्रमाणें तरंगत नेऊन गिम्ली येथील जुन्या धांवपट्टीवर उतरविलें. विमानांतील ६९ माणसांपैकीं एकाचाही प्राण गेला नाहीं.

यास्तव विमानांत एकाच साक्षीवर विसंबत नाहींत. आधींचें शिल्लक इंधन व नव्यानें भरलेलें इंधन यांची बेरीज यंत्राच्या आंकड्याशीं ताडून पाहतात. उड्डाणांत एंजिनाकडे वाहून गेलेलें इंधन निराळें मोजून वजा करतात. चोख दुकानदार रात्रीं वही व गल्ला जुळवितो, तसेंच हें. शिवाय जेट विमानानें उतरतांना निदान तीस मिनिटें पुरेल इतकें इंधन राखून ठेवावें, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

गणिताच्या उत्तरापुढें एकक न लिहिल्याबद्दल गुण कापले गेले म्हणजे मुलांस तो शिक्षकांचा हट्ट वाटतो, आणि घरीं पालकांसही तसें वाटत असेल. परंतु नुसता आंकडा म्हणजे अर्धेंच सत्य होय. उरलेलें अर्धें त्याच्यापुढील लहानशा शब्दांत असतें, आणि कधीं कधीं त्या शब्दावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात.