रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकतेच

सकाळी गजर होतो, पण अंथरुणातून उठवत नाही. रात्रभर कुणी मुसळाने कांडून काढावे तसे खांदे, मान, कंबर, मांड्या ठणकत असतात. सात-आठ तास पडून राहिले तरी डोळ्यांवर झोप तशीच. कसाबसा कुकर लावायचा, डबे भरायचे, की दहा वाजेपर्यंत पुन्हा आडवे व्हावेसे वाटते. एक्स-रे निर्दोष, रक्त-लघवीची तपासणी निर्दोष. ‘अगं, रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत,’ नवरा म्हणतो. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांच्या न बोलण्यातच सारे येते. हळूहळू त्या बाईलाही वाटू लागते, आपण खरोखरच कामचुकारपणा तर करत नाही ना?

अनेक घरांत दिसणाऱ्या या दुखण्याला नाव आहे: फायब्रोमायाल्जिया. पुरुषांनाही ते होते, पण निदान झालेल्यांत स्त्रियांची संख्या बरीच जास्त असते. नाव उच्चारायला अवघड खरे, पण ते एकदा कळले की पुष्कळजणींचा जीव भांड्यात पडतो.

दुखते तरी कुठे?

ब्रिटिश डॉक्टर विल्यम गोवर्स यांनी १९०४ मध्ये ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द वापरला, तेव्हा स्नायूंच्या तंतूंना सूज येते असा समज होता. पुढे ती सूज कुठे सापडेना, म्हणून १९७६ नंतर फायब्रोमायाल्जिया हे नाव पुढे आले. १९९० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी शरीरावरचे १८ बिंदू ठरवून दिले. त्यांपैकी ११ दाबल्यावर दुखले, तर निदान पक्के. २०१० च्या नव्या निकषांत ही मोजणी मागे पडली. आता तीन महिने किंवा अधिक काळ टिकलेली अंगभर वेदना, थकवा, झोपूनही न येणारी टवटवी आणि विसरभोळेपणा यांना महत्त्व दिले जाते.

आजचे मत असे की, मूळ बिघाड स्नायूंत नसून वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत आहे. रेडिओचा आवाज कुणी मोठा करून ठेवावा, तसा साधा स्पर्शही तिथे वेदना होऊन ऐकू येतो. एक्स-रेत हे कसे दिसणार? दिलासा एवढाच की, यात सांधे झिजत नाहीत की वाकडे होत नाहीत. आणि दुखणे अगदी खरे असते.

आधी तपासणी, मग तेल

घरगुती किंवा नैसर्गिक उपचारांकडे वळण्यापूर्वी एक काम टाळू नये. थायरॉइडचे कार्य मंदावले, ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी झाले किंवा आमवाताची सुरुवात असली, तरी अंग असेच दुखते. आपल्याकडे उन्हाचा तुटवडा नसूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. या आजारांवर वेगळे उपचार आहेत. ते सोडून महिनोन्‌महिने मालीश करत बसणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया. सांध्यांना सूज, ताप किंवा वजन घटणे अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

झोपेची उधारी

कॅनडातील टोरांटोचे डॉ. हार्वे मोल्डोफ्स्की यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांची फक्त गाढ झोप काही रात्री मोडली, तर सकाळी त्यांचेही अंग दुखू लागले, स्नायू हुळहुळे झाले. वेदनेने झोप उडते हे सर्वांनाच ठाऊक होते. उडालेली झोपही वेदना वाढवते, हे इथे दिसले.

म्हणून झोप सुधारणे हाच पहिला नैसर्गिक उपचार म्हणायला हवा. रोज ठरावीक वेळी निजणे-उठणे, दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, अंथरुणात मोबाइल नाही. निजण्यापूर्वी सोसवेल इतक्या गरम पाण्याने अंघोळ आणि दहा मिनिटे संथ श्वसन. खर्च काहीच नाही. अडचण इतकीच की, घरातला टीव्ही साडेअकरापर्यंत चालू असेल तर हा उपचार एकटीच्या हातात राहत नाही.

थोडे चाला, रोज चाला

अंग दुखत असताना व्यायाम करा म्हटले की रुग्णाला राग येतो, आणि तो साहजिकच आहे. पण युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये आपल्या शिफारशी सुधारल्या, तेव्हा सर्व उपचारांत ठाम शिफारस मिळाली ती केवळ व्यायामाला. ॲक्युपंक्चर, ध्यान, योग, कोमट पाण्यातील उपचार यांना सौम्य शिफारस होती, आणि गोळ्यांनाही त्याहून अधिक मिळाली नाही.

बोस्टनमध्ये ताई ची या संथ चिनी व्यायामाचा अभ्यास झाला. २०१० मध्ये ६६ रुग्णांवरील १२ आठवड्यांच्या अभ्यासात वेदना आणि झोप दोन्ही सुधारल्या. २०१८ मध्ये २२६ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात ताई ची नेहमीच्या एरोबिक व्यायामाच्या तोडीस तोड किंवा सरस ठरली. अमेरिकेतच ओरेगन येथे २०१० मध्ये ५३ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ज्यांना आठ आठवडे सौम्य आसने, प्राणायाम आणि ध्यान शिकवले, त्यांच्या वेदना व थकवा इतरांपेक्षा कमी झाला. आपल्या दाराशी असलेली विद्या परदेशातून शिक्का बसून आल्यावर आपण तिच्याकडे पाहतो, हे काही नवे नाही.

मात्र योगवर्गात पहिल्याच दिवशी शेजारणीबरोबर बारा सूर्यनमस्कार घालायला जाऊ नये. दुसऱ्या दिवशी अंथरूण सुटणार नाही आणि व्यायामाचे नावही नको होईल. ताडासन, मार्जारासन, शवासन, अनुलोम-विलोम एवढ्याने सुरुवात पुरे. चालणे पाच मिनिटांचे असले तरी चालेल. दर आठवड्याला त्यात एक-दोन मिनिटांची भर घालावी. सुरुवातीला दुखणे थोडे वाढते, ते घाबरण्यासारखे नसते. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात.

या दुखण्यातली खरी गोम वेगळीच आहे. चार दिवस पडून काढल्यावर पाचव्या दिवशी जरा बरे वाटते, आणि बाई पदर खोचून माळा साफ करायला घेते. तुंबलेली इस्त्री, डब्यांची घासाघीस, एकाच दिवसात सगळे! पुढचा आठवडा पुन्हा अंथरुणात. दिवाळीच्या साफसफाईनंतर हे हमखास घडते. बऱ्या दिवशी कमी आणि वाईट दिवशी थोडे तरी, असा मेळ घालायला शिकणे हे कोणत्याही काढ्याहून गुणकारी आहे. वीस मिनिटे काम, मग पाच मिनिटे बसणे. कणीक भिजवणे आणि कपडे पिळणे एकाच सकाळी नको.

शेक, तेल आणि माती

ऊब मिळाली की आखडलेले स्नायू सैलावतात. कोमट पाण्यात बसल्याने आराम मिळतो, असे अनेक अभ्यास सांगतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत अंग शेकून आलेल्यांना हे कुणी सांगायला नको, पण त्यासाठी गंधकाचेच पाणी हवे असे नाही, घरची बादलीही चालते. तिळाचे किंवा नारायण तेल कोमट करून हलक्या हाताने लावावे. जोर लावून रगडणाऱ्या मालीशवाल्यांपासून मात्र दूरच राहावे, कारण इथे स्पर्शच दुखतो. मालीश निदान पाच आठवडे नियमित केल्यास त्याचा उपयोग होतो, असे दिसून आले आहे.

पुण्याजवळ उरुळी कांचन येथे गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. अशा ठिकाणी माती, पाणी, मालीश असतेच. शिवाय वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि स्वयंपाकघरातून सुटका! बऱ्याचजणींना तिथे का बरे वाटते, याचे अर्धे उत्तर बहुधा या शेवटच्या गोष्टीत असावे.

ॲक्युपंक्चरने काहींना उतार पडतो. पण २०१३ मध्ये नऊ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खऱ्या सुया आणि नुसते नाटक यांत फारसा फरक दिसला नाही. सुयांतून सौम्य वीजप्रवाह दिल्यास परिणाम थोडा बरा.

पुडीत काय आहे?

‘जुनाट वात मुळापासून घालवतो’ असे सांगून बिनालेबलची पुडी देणारे गावोगाव भेटतात. तीन दिवसांत अंग हलके झाले, तर आनंदाआधी संशय यायला हवा. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. बोस्टनमधील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणून औषध नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्यावे. डॉक्टरांनी प्रेगाबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन दिले असेल तर ते वैद्यांना सांगावे, आणि बरे वाटले म्हणून ती गोळी आपल्या मनाने सोडू नये.

एक वही ठेवणेही सोयीचे. किती तास झोप, किती मिनिटे चालणे, दुखणे दहापैकी किती, एवढेच रोज दोन ओळींत लिहावे. महिनाभराने कोणत्या कामानंतर अंग हमखास धरते, ते त्यात दिसते. ते काम मग नवऱ्याने किंवा मुलांनी उचलायचे. निदान पाण्याची बादली आणि गॅसचा सिलिंडर तरी उद्यापासून.