ज्येष्ठ नागरिक व माजी सैनिक यांच्यासाठीच्या सेवा : आजारपण येण्यापूर्वी करावयाची कामे

आपल्या घरात साठ वर्षांवरील कोणी असेल, किंवा सैन्यातून निवृत्त झालेले वडील, आजोबा अथवा त्यांच्या पश्चात एकटी राहिलेली आई असेल, तर ही माहिती आपल्यासाठी आहे. वृद्धांसाठी शासकीय सेवा आहेत. अडचण एवढीच की त्या एका ठिकाणी मिळत नाहीत. उपचार आरोग्य खात्याकडे, दरमहाचे अर्थसाहाय्य तहसील किंवा समाजकल्याण कार्यालयात, मुलांनी सांभाळ न केल्याची तक्रार उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे आणि सैनिकाच्या कुटुंबाचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. एका कार्यालयातील कर्मचाऱ्यास दुसऱ्या खात्याची योजना माहीत असेलच असे नाही. त्यातून बहुतेक कुटुंबे या कार्यालयांकडे वळतात ती रुग्ण खाटेवर पडल्यानंतर, आणि तेव्हा कागदपत्रे पुरी करण्यास सवड नसते.

वयाची अटही सर्वत्र सारखी नाही. कायद्याच्या दृष्टीने ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक होय. मात्र काही राज्यांत निवृत्तिवेतन योजना ६५ व्या वर्षी सुरू होते, आयुष्मान योजनेतील सर्वांसाठीची सवलत ७० व्या वर्षी, आणि निवृत्तिवेतनातील वाढ ८० व्या वर्षी. म्हणून ‘आपले वय बसत नाही’ असे एका ठिकाणी ऐकून घरी परतू नये.

आधी नाव आणि जन्मतारीख तपासावी

या पत्रिकेतील एकच गोष्ट आपण करणार असाल, तर ती ही असावी.

संरक्षण दलांच्या आणि केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना, तसेच कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांना, वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनाच्या २० टक्के जादा रक्कम मिळते. ८५ व्या वर्षी ती ३० टक्के, ९० व्या वर्षी ४० टक्के, ९५ व्या वर्षी ५० टक्के होते आणि शंभरी पूर्ण झाली की मूळ रकमेइतकीच जादा रक्कम मिळू लागते. ही वाढ मिळण्यासाठी जन्मतारखेची अधिकृत नोंद असावी लागते. सैनिकाची जन्मतारीख भरतीच्या दिवशीच नोंदलेली असते; पत्नीची मात्र जुन्या निवृत्तिवेतन आदेशांत पुष्कळदा आढळत नाही. मग ऐंशी ओलांडलेल्या आजींना वर्षानुवर्षे जुनीच रक्कम मिळत राहते आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

नावाची अडचण याहून बिकट. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा होती. सैनिकाने विवाहानंतर युनिटमध्ये पत्नीचे नाव ‘इंदू’ असे माहेरच्या नावाने नोंदवले. आधार, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते मात्र ‘सुमन’ या सासरच्या नावाने झाले. पती हयात असेपर्यंत या फरकाने काही अडत नाही. त्यांच्या निधनानंतर इंदू आणि सुमन या एकच व्यक्ती आहेत हे सिद्ध करण्याचे ओझे त्या वृद्ध स्त्रीवर येते. कुटुंब निवृत्तिवेतन त्यावाचून सुरू होत नाही आणि उपचाराचे कार्डही अडून राहते. दुःखाच्या दिवसांत हे हेलपाटे कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

उपाय सोपा आहे, पण तो पती हयात असताना अधिक सोपा आहे. सेवामुक्तीचे पुस्तक (डिस्चार्ज बुक), निवृत्तिवेतन आदेश, आधार, पॅन आणि बँक पुस्तक एकत्र ठेवून पत्नीचे नाव व जन्मतारीख पाचही ठिकाणी जुळते का ते पाहावे. फरक असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि लागणारे इतर पुरावे तेथे सांगितले जातात व अर्ज संबंधित अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे जवानांच्या बोलीतील ‘रेकॉर्ड ऑफिस’कडे, पाठवला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावात आहे. इतर रेजिमेंट व दलांची त्यांच्या त्यांच्या केंद्रांवर. त्या गावी स्वतः जाण्याचे कारण सहसा पडत नाही.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. बहुतेकांचा तो नोव्हेंबरात असतो. वयोमानाने बोटांचे ठसे पुसट होतात आणि यंत्र ते ओळखत नाही. अशा वेळी ‘जीवन प्रमाण’मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन दाखला घेतो. नातवाच्या मोबाइलवरही हे काम होते.

उपचार कोठे मिळतात

वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. त्यानुसार जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग, दहा खाटांचा कक्ष व भौतिकोपचार, ग्रामीण अथवा सामुदायिक रुग्णालयात आठवड्यातून दोनदा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, अशी रचना ठरलेली आहे. आपल्या केंद्रात हा दिवस कोणता, हे आशाताईंना किंवा परिचारिकेला विचारून ठेवावे. जे घराबाहेर पडूच शकत नाहीत त्यांच्या घरी भेट देण्याची तरतूदही याच कार्यक्रमात आहे; तशी व्यक्ती घरात असल्याचे आरोग्य केंद्राला कळवणे मात्र कुटुंबाचे काम आहे. शासकीय रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, असे २००७ च्या कायद्यात म्हटले आहे. ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च हा मोठा प्रश्न. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेतले आहे. ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही रक्कम कुटुंबाची आहे: पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती दोघांत मिळून. जे कुटुंब आधीपासूनच या योजनेत आहे, तेथील सत्तरीपुढच्यांना ही रक्कम स्वतंत्रपणे व वेगळी मिळते. जुना मधुमेह, हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. प्रतीक्षेचा काळ नाही. खाजगी आरोग्य विमा घेतलेल्यांनाही हे कार्ड काढता येते.

दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक, वय आधारवरून मोजले जाते. पूर्वी अनेकांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी अशी जन्मतारीख आणि जवळपासचे वर्ष घातले गेले आहे. खरे वय ७२ आणि आधारवर ६८ असेल तर कार्ड मिळणार नाही. दुरुस्ती आधी करून घ्यावी. दुसरी, हे कार्ड दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रोजची रक्तदाबाची गोळी किंवा नुसती तपासणी त्यात बसत नाही. त्यासाठी शासकीय दवाखानाच गाठावा. कार्ड जनसेवा केंद्रात, योजनेतील रुग्णालयात किंवा आयुष्मान ॲपवर निघते आणि ते देशभर, योजनेत सहभागी रुग्णालयांत चालते. इंदूर किंवा वडोदऱ्यात राहणाऱ्या मुलाकडे गेलेल्या आईचे कार्ड तेथेही उपयोगी पडते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

चालताना आधार लागतो, ऐकू कमी येते, दात उरले नाहीत, यांवर ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ आहे. २०१७ पासून चालू असलेल्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, कुबड्या, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी ही साधने विनामूल्य दिली जातात. वाटप शिबिरांत होते. शिबिराची तारीख ग्रामपंचायतीत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावी. श्रवणयंत्र ही चैनीची वस्तू मानून पुष्कळ घरांत टाळले जाते. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून आणि मग घरातून बाजूला पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

माजी सैनिकांनी काय निवडावे

निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी व त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, अर्थात ईसीएचएस आहे. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मिळतात आणि तेथील शिफारशीवर सूचीतील खाजगी रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार होतात. खर्चाला वार्षिक कमाल मर्यादा नाही. आणीबाणीत जवळच्या कोणत्याही रुग्णालयात दाखल व्हावे. रुग्णालय सूचीबाहेरचे असेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. या मुदतीचा विसर पडल्याने नंतर परतावा मिळवणे अवघड होते.

ईसीएचएसच्या लाभार्थ्यांना सत्तरीनंतर आपली योजना चालू ठेवावयाची की वय वंदना कार्ड घ्यावयाचे, यांतून एकाची निवड करावी लागते. गावातील शिबिरात सर्वांबरोबर आपणही कार्ड काढावे, असा मोह होतो. परंतु ईसीएचएसमध्ये रोजची औषधे मिळतात आणि खर्चाला मर्यादा नाही, हे लक्षात घेता बहुतेक माजी सैनिकांनी ती सोडू नये, हेच हिताचे. पॉलिक्लिनिक फार दूर असल्यास विचार करावा, तोही सैनिक कल्याण कार्यालयात विचारून.

ज्यांनी सैन्यात काही वर्षे सेवा केली पण निवृत्तिवेतनास पात्र ठरले नाहीत, त्यांची स्थिती निराळी आहे. १९७१ च्या युद्धाच्या काळात विशीत असलेले असे जवान आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना ईसीएचएस लागू नाही. म्हणून त्यांनी वय वंदना कार्ड विनाविलंब काढावे. ६५ वर्षांवरील, नियमित उत्पन्न नसलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या अशा माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून दरमहा साहाय्य मिळते. पूर्वी ते ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते ८,००० रुपये केले आहे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि कल्याण अधिकारी हे स्वतः सैन्यातून आलेले असतात, त्यामुळे तेथे बोलताना जवानाला परकेपणा वाटत नाही. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकांसाठी विश्रामगृहही असते. उपचारासाठी आलेल्या कुटुंबाच्या मुक्कामाची सोय तेथे होऊ शकते. महाराष्ट्रात माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत सवलत आहे. त्याची मागणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे करावी.

दरमहाचे अर्थसाहाय्य

दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये व ८० नंतर ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात, त्यामुळे प्रत्यक्ष रक्कम राज्यागणिक बदलते. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेसह ती दरमहा १,५०० रुपये आहे, तर गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. परराज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी त्या राज्याच्या तहसील अथवा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. मूळ गावचा अर्ज तेथे चालत नाही.

सांभाळ न झाल्यास

हा विषय घराघरांत दबक्या आवाजात बोलला जातो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार मुलांकडून, आणि मूल नसल्यास संपत्तीचा वारसा मिळणार असलेल्या नातेवाइकाकडून, निर्वाह भत्ता मागता येतो. अर्ज उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे करावा. मुलास नोटीस पोहोचल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस मिळतात. स्वतः जाता येत नसेल तर अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते.

घर किंवा शेत मुलांच्या नावे करताना विशेष सावध असावे. ‘सांभाळ करावा’ या अटीवर दिलेली संपत्ती, अट पाळली न गेल्यास, कायद्याच्या कलम २३ नुसार परत मिळू शकते. परंतु अट सिद्ध करावी लागते. म्हणून ती बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावी. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटेल, या भीतीने ती ओळ गाळली जाते, आणि नंतर न्यायाधिकरणापुढे दाखवण्यास हाती काही उरत नाही.

कोठे जावे हेच समजत नसेल तर १४५६७ या ‘एल्डरलाइन’ क्रमांकावर दूरध्वनी करावा. तो विनाशुल्क असून सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत चालू असतो. योजनांची माहिती, कायदेशीर मार्गदर्शन, तसेच छळ झालेल्या किंवा निराधार सापडलेल्या वृद्धांसाठी मदत तेथून मिळते. मन खचले असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल तर १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते. दोन्ही ठिकाणी शेजाऱ्याने वृद्धाच्या वतीने दूरध्वनी केला तरी चालतो.