आजोबांची दुनळी

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, पण शिकारीच्या बंदुका घरांत राहिल्या. अवसरी खुर्द, मंचर, जुन्नर या पट्ट्यात आजोबांची बाराबोर दुनळी जिथे रीतसर नातवाच्या परवान्यावर आली आहे, त्या घरासाठी हे लिहितो आहे. ही बंदूक आता क्वचितच उडते, आणि म्हणूनच तिची हेळसांड होते.

पहिली चूक चामडी खोळीची. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो. बंदूक पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, कुलपाच्या कपाटात ठेवावी. शक्यतो नळीचं तोंड खाली असावं, नाहीतर तेल ओघळून दस्त्याचं लाकूड मऊ पडतं. खोबरेल वापरू नये, ते चिकटून बसतं. बंदुकीचं खनिज तेलच हवं. काळ्या दारूचा बार काढला असेल तर आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, शेवटी तेल. त्या दारूच्या राखेतले क्षार पाण्यातच विरघळतात, नुसत्या तेलाने ते झाकले जातात आणि आतून नळी खातात.

खरा धोका काडतुसात आहे. जुन्या इंग्लिश दुनळ्यांची काडतुसाची खोली बहुधा 65 मिलिमीटरची. आजचं काडतूस 70 चं. तरी ते आत सहज बसतं, कारण 70 ही लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. उलगडायला जागा कमी पडली की दाब वाढतो. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून सांधलेली नळी. त्या सांध्यांतला गंज बाहेरून कळत नाही. आधुनिक दारूसाठी चाचणी झाल्याचा शिक्का नसेल, तर अशा नळीत आजचं काडतूस घालूच नये.

दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून पुढचं लाकूड काढा आणि मिटलेली बंदूक हलवून पाहा. बिजागरीत खडखड जाणवली, तर ती झिजली आहे.

इथून पुढे घरचा हात थांबला पाहिजे. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारे हुशार वेल्डरही आसपास आहेत. तरी नळीचा पोचा ठोकणं किंवा बिजागरीवर वेल्डिंग करणं त्यांचं काम नव्हे. वेल्डिंगच्या उष्णतेने नळ्यांचं डाखकाम सुटतं. शिवाय शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो.

उसात बिबट्या दिसला तर बंदुकीकडे धावू नका, वनविभागाच्या 1926 वर फोन करा. आणि दुनळी वर्षानुवर्षं तपासली नसेल, तर पुढचा बार काढण्याआधी परवाना सोबत घेऊन ती परवानाधारक कारागिराला दाखवा. नळी निकामी ठरली, तर तो निर्णय माना.