पिल्लाच्या छातीतला 'मर्मर': थांबायचं कधी, धावायचं कधी?

मी पशुवैद्य आहे आणि चंदीगडच्या सेक्टर ३९मधून तुमच्याशी बोलतोय. पहिल्या लसीच्या वेळी डॉक्टर म्हणतात, "मर्मर ऐकू येतोय," आणि घरचे मला विचारतात, "पिल्लू परत करू का?" आजचा भाग त्याच प्रश्नावर.

मर्मर हे आजाराचं नाव नाही, तो एक आवाज आहे. हृदयाचा नेहमीचा आवाज 'लब-डब'. त्या दोन्हींच्या मध्ये हलकासा 'श्श' आला, की तो मर्मर.

निरोगी पिल्लात तो का येतो? पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाच्या रक्तात लाल पेशी कमी असतात, त्यामुळे रक्त पातळ असतं. पातळ ताक ओतताना खळखळतं, घट्ट दही खळखळत नाही, तसंच हे. शिवाय हृदय वेगानं चालतं आणि छाती पातळ असते, म्हणून स्टेथोस्कोपला सगळं ऐकू येतं.

मर्मरच्या जोराच्या सहा पायऱ्या मानतात. निरुपद्रवी मर्मर बहुधा पहिल्या-दुसऱ्या पायरीचा, छोटा आणि डाव्या बाजूला ऐकू येणारा असतो. पिल्लू खातं, खेळतं, वजन वाढतं. चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत आवाज सहसा आपोआप जातो. तोवर लसी थांबवायचं कारण नाही. दर लसीला डॉक्टरांकडून पुन्हा ऐकून घ्या आणि पायरी कार्डावर लिहून घ्या.

पण "लहान आहे, जाईल" म्हणून विसरूही नका. महाधमनीच्या मुखाशी जन्मतः अरुंदपणा असेल, तर मर्मर सुरुवातीला हलका असून वाढीबरोबर जोरात होऊ शकतो. गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, रॉटवायलर पाळणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

हृदय ठीक असूनही मर्मर येऊ शकतो. जंत किंवा पिसवांमुळे रक्त कमी झालं, तरी तो ऐकू येतो. हिरड्या फिकट दिसल्या तर रक्त तपासा.

वाट न पाहता हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे 'इको', कधी करायची? आवाज मोठा असेल, छातीवर हात ठेवल्यावर थरथर जाणवत असेल, पिल्लू लवकर दमत असेल, भोवळ येऊन पडत असेल, वाढ खुंटली असेल किंवा हिरड्या निळसर असतील तर. यंत्रासारखी अखंड घरघर असेल, तर जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी एक रक्तवाहिनी उघडी राहिल्याची शंका येते. ती वेळेत बंद केली, तर बरीच पिल्लं पुढे जवळजवळ सामान्य आयुष्य जगतात. उशीर केला, तर हृदय थकतं.

यातलं काहीच नसेल, पण सहा महिन्यांनंतरही आवाज टिकला, तरी इको कराच. नसबंदीच्या भुलीआधी तर डॉक्टरांना मर्मरबद्दल नक्की सांगा.

म्हणजे, नुसत्या एका शब्दावरून पिल्लू परत करू नका. किती जोराचा, कुठे आणि कमी होतोय की वाढतोय, हे तीन प्रश्न आधी विचारा.