ट्रकचालकाच्या वतीने कोण बोलतं?

इथून जवळच, खडवली फाट्यावर, नाशिक महामार्गावरची ट्रकांची रांग आपण रोज बघतो. जानेवारी 2024 मध्ये चालकांनी संप केला, तेव्हा आपल्या लक्षात राहिली ती पेट्रोल पंपावरची गर्दी. मूळ भांडण होतं भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) चं. निष्काळजी गाडीखाली माणूस मेला आणि चालक लगेच पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या 304-अ मध्ये कमाल दोन वर्षं होती. चालक म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो!

2 जानेवारीला केंद्रीय गृहसचिव ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी बोलले. चर्चेशिवाय कलम लागू करणार नाही, असं आश्वासन मिळालं. संघटनेने चालकांना कामावर परतायला सांगितलं. पुढे 1 जुलैला संहिता आली, ती हे कलम वगळून.

पण ही संघटना वाहतूकदारांची, म्हणजे मुख्यतः मालकांची. तुरुंगात जायचं चालकाने, बोलणी मालकाची. डिझेल, टोल यांत दोघांचं हित जुळतं, हे मान्य. कामाच्या तासांचं काय? तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांची मर्यादा होती, तीही पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच. ती पाळा, असं मालकांची संघटना मालकांनाच कशी सांगणार?