एकवीस तत्त्वे आणि एक मोकळीक

शहापूर-मुरबाडकडे चार माणसे ओटीवर बसली की बोलणे फिरून जमिनीवर येते. कुणाची तानसा, भातसा नाहीतर बारवीच्या पाण्याखाली गेली, कुणाची समृद्धी महामार्गात. सरकारने जमीन कोणत्या अधिकारात घ्यावी आणि मोबदला किती द्यावा, हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा प्रश्न. याच प्रश्नावर एकेकाळी देशात एक उजवा पक्ष उभा राहिला होता. त्याचे नाव स्वतंत्र पक्ष.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. त्याला विरोध म्हणून राजगोपालाचारींनी जूनमध्ये मद्रासला नव्या पक्षाची घोषणा केली. ऑगस्टमध्ये मुंबईत अधिवेशन भरले. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष झाले, मिनू मसानी सरचिटणीस. कन्हैयालाल मुन्शीही आले. हे तर राज्यघटनेच्या मसुदा समितीत बसलेले.

पण मोट बांधायची कशी? संस्थानिक, जमीनदार, उद्योगपती आणि बागायतदार यांची हिते वेगळी. राजाजी दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते, तर पक्षातल्या पुष्कळांना ती नको. मग उपाय असा काढला, की एकवीस मूलभूत तत्त्वे लिहून काढायची: व्यक्तिस्वातंत्र्य, मर्यादित सरकार, मालमत्तेचा हक्क आणि रास्त मोबदला, अशी. शेवटचे तत्त्व मोकळीक देणारे होते. या तत्त्वांपलीकडच्या विषयांत सभासदाने आपल्या मताने वागावे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे ही मोकळीक आज नवलाची वाटते. तरी पक्षाने आदेशच काढला नाही, तर ती आजही देता येते.

मतदारांनी आधी साथ दिली. लोकसभेत १९६२ मध्ये १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा मिळाल्या, पक्ष सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. १९७१ मध्ये मात्र तो इंदिरा गांधींविरुद्धच्या आघाडीत गेला. त्या आघाडीत समाजवादीही होते. एकमेकांशी न जुळणारी तत्त्वे एका मांडवात आली आणि जागा ८ वर आल्या. १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.

आता आपल्या बाजूने पाहू. मालमत्तेचा हक्क म्हणजे कुणाच्या मालमत्तेचा? १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळाला मालक होण्याची वाट मोकळी झाली. हा कायदा १९५१ मध्ये घटनेच्या नवव्या परिशिष्टात घातला होता. मूलभूत हक्काचा भंग होतो म्हणून तो रद्द होऊ नये, यासाठीच हे कवच होते. जमीनमालकाचा हक्क अमर्याद मानला असता, तर कुळाच्या हाती सातबारा आला नसता.

उलट बाजूही आहे. स्वतंत्र पक्षाने ज्या १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीला विरोध केला, तिच्यातच एक तरतूद आहे. कमाल मर्यादेच्या आत असलेली आणि स्वतः कसलेली जमीन सरकारने घेतली, तर मोबदला बाजारभावापेक्षा कमी नसावा. मालमत्तेचा हक्क १९७९ पासून मूलभूत राहिला नाही, पण ही तरतूद अजून घटनेत आहे. तशीच आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही. मालकावरचे हे बंधन त्याची जमीन राखण्यासाठीच आहे.

म्हणून कुठलाही पक्ष घटनेच्या नावाने एकजूट मागू लागला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तुमची तत्त्वे लिहिलेली आहेत का? त्यांपलीकडे तुमच्या माणसाला आपले मत मांडता येते का? आणि ज्या कातकऱ्याच्या घराखालची जागाही नावावर नाही, त्यालाही ती तत्त्वे लागू आहेत का? स्वतंत्र पक्षाने पहिल्या दोहोंची उत्तरे दिली होती. तिसऱ्याचे उत्तर आजच्या पक्षांकडून घ्यायचे आहे.