पिकअप ट्रकमधील पेट्रोलचा वास : दोषशोधन

पिकअप ट्रकमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला, की जमिनीवर गळतीचा डाग शोधला जातो. परंतु वास बाष्पाचा असतो; जमीन कोरडी असताही दोष संभवतो. म्हणून तो कोठे येतो याआधी केव्हा येतो, हे पाहावे. टाकी काठोकाठ भरल्यावरच येत असेल, तर भरणनळी अथवा टाकीच्या माथ्यावरील पंपाचे सील संशयास्पद ठरते. हा भाग हौद्याखाली दृष्टीआड असतो. तेथे चिखल साचून नळ्या गंजतात. थंड इंजिन सुरू होताना येऊन पुढे विरणारा वास बहुधा इंजेक्टरच्या कडक झालेल्या रबरी कड्यांचा. टाकीतील बाष्प शोषणारा कोळशाचा डबा अमेरिकेत १९७१ पासून रूढ झाला. टाकी वारंवार अतिरिक्त भरल्यास त्यात द्रव शिरून कोळसा निकामी होतो. झाकण बदलणे स्वस्त, म्हणून तेच प्रथम बदलले जाते, बहुधा व्यर्थ! सूक्ष्म भेग कमी दाबाच्या धुराने सापडते.

हवेत सुमारे १.४ टक्के बाष्पही पेट घेण्यास पुरते, आणि हवेहून जड असल्याने ते गॅरेजच्या जमिनीलगत साचते. यास्तव दुरुस्ती उघड्यावर करावी. प्रथम इंधनाचा दाब उतरवावा, बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि नवी नळी इंजेक्शनचा दाब सोसणारीच घ्यावी. कार्ब्युरेटरची चालत नाही.